माझ्या खिडकीतला भूकंप

१९९४ सालचा ऑगस्ट, श्रावणाचा पहिला आठवडा. इतके नेमके सांगते, कारण ज्या फजितीची तारीख सांगता येत नाही ती लोक दुसऱ्याच्या नावावर खपवतात, आणि ही निखालस माझी आहे.

लातूरला भूकंप होऊन वर्षही झाले नव्हते. तेव्हा घरोघरी पेल्यांची उतरंड रचलेली असे, पेल्यावर पेला. जमीन हलली की पेले पडणार, पेले पडले की माणसांनी बाहेर पळायचे. माझ्याकडे क्लाससाठी आलेल्या चार मुली राहत. त्यांच्यासाठी मी नियम लिहून भिंतीवर लावला होता: आधी पळणे, मग विचार करणे. रस्त्यावर घड्याळ पाहून अर्धा तास थांबणे. जुनी मॅट्रिक आहे मी; मोघम काही मला चालत नाही.

शेजारच्या अमीनाआपांच्या परसात पुष्कळ कोंबड्या होत्या, पण त्यांचा जीव असील जातीवर. उंच मान, ताठ चाल, नजर अशी की आपणच पदर सावरावा! निजामाच्या काळापासून त्यांच्या घरी जपलेली ही नसल आता एका खुडूक बसलेल्या कोंबडीवर येऊन ठेपली होती.

एका शुक्रवारी आपा तिला टोपलीसकट घेऊन आल्या.

“बाई, पोरीचं बाळंतपण हाय उदगीरला, जावंच लागतंय. कोंबडा तर गेल्या हप्त्यात मेला. आता ही नऊ अंडीच राहिलीत. एकवीस दिवस हिला जागची हलवू नका. टोपली उचलली की खेळ खलास.”

आता सांगा, ज्या घरात अंड्याचे नावही कोणी काढीत नसे, तिथे नऊ अंडी! पण भूकंपानंतर आठ दिवस मी आपांच्याच अंगणात काढले होते. नाही कसे म्हणणार? टोपली पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली, जवळ दाणा-पाणी ठेवले.

नवव्या दिवशी दाण्याला मुंग्या लागल्या. स्वच्छतेच्या बाबतीत मी तडजोड करीत नाही. दोन्ही वाट्या उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या, पेल्यांच्या शेजारी.

दहाव्या दिवशी दुपारी दोन वाजता पेले कोसळले.

आम्ही स्वयंपाकघरातून मागच्या दाराने रस्त्यावर! माझ्या आवाजाने सारी गल्लीही बाहेर आली. अर्ध्या तासाने परतलो, तर कोंबडी जागच्या जागी, डोळे अर्धे मिटलेले. मी मुलींना म्हटले, हिला म्हणतात एकाग्रता. परीक्षेला असे बसावे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन वाजता. तिसऱ्या दिवशीही. समोरच्या किराणा दुकानदाराने दुकानाबाहेर खाट टाकली. क्लासच्या सरांनी दुपारची बॅच मैदानात नेली. एकाने धीर करून मला सांगितले, “आम्हाला तर काहीच जाणवलं न्हाई, बाई.” मी त्याला म्हटले, तुमच्या चपला जाड आहेत.

भूकंपमापनाच्या कार्यालयात चौकशी केली, तर नोंद नाही म्हणे! मी दोन पानी अर्ज दिला: आपले यंत्र नादुरुस्त आहे, ते त्वरित तपासावे. शुद्ध भाषेत, परिच्छेद पाडून.

विसाव्या दिवशी मी ठरवले की आता मैदानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम हलवायचा, टोपलीसह. नायगावची सुनंदा, चौघींत सर्वांत लहान, दारातच आडवी उभी राहिली.

“आज्जी, टोपली उचलू नका म्हणून गेल्यात आपा.”

“आपांनी भूकंप लक्षात घेतला नव्हता,” असे म्हणून मी टोपलीला दोन्ही हात घातले, तोच दारात कार्यालयाचे साहेब. हातात माझा अर्ज.

पाहुण्याला चहा न देता कसे चालेल? त्यांना पुढच्या खोलीत बसवले, कप हातात दिला आणि मुलींना घेऊन मागे भांडी बांधायला गेले. दोन वाजले. पेले खणाणले. आम्ही रस्त्यावर!

साहेब मात्र आले नाहीत. चहा गरम होता म्हणे. पाचेक मिनिटांनी कप हातात घेऊनच ते बाहेर आले.

“बाई, तुमचा भूकंप खिडकीत बसून पाणी पिऊन राहिलाय. आत या.”

दबक्या पावलांनी आम्ही दारातून पाहिले. कोंबडी कट्ट्यावर उभी, सावकाश दाणे टिपत होती. खाली पेले विखुरलेले. पोट भरल्यावर तिने खाली उडी मारली आणि अंड्यांवर जाऊन बसली. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा जेवायला उठते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आणि अकरा दिवसांत तिला उठलेली कोणी पाहिली नाही, कारण पेले पडले की खोलीकडे न पाहता पळायचे, हा नियम माझाच!

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आपा उदगीरहून नातीचे पेढे घेऊन आल्या. टोपलीत नवांपैकी आठ पिल्ले चिवचिवत होती. आपांनी एकेकाला उचलून मान पाहिली, पाय पाहिले आणि स्वतःचे डोळे पुसले. मग मला विचारले, “हिनं काही तकलीफ तर न्हाई ना दिली, बाई?”

मी तोंड उघडण्याआधीच सुनंदाने माझ्या अर्जाची प्रत त्यांच्यापुढे धरली आणि तिच्यावर साहेबांनी लाल शाईत मारलेला शेरा मोठ्याने वाचला:

“अर्जाची भाषा निर्दोष आहे. जागेवर जाऊन तपासणी केली. भूकंप आढळला नाही. कोंबडी आढळली.”