बर्फात ठेवलेला अल्बम

पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी मी सांगलीला पोचले, तेव्हा आई गच्चीवर फोटो वाळत घालत होती. उन्हाळ्यात सांडगे घालायचा तोच जुना प्लास्टिकचा कागद, आणि त्याच्यावर ओळीनं आमचं सगळं घराणं. माझ्या लग्नाचे रंगीत फोटो उन्हानं वळले होते. एकाचं टोक धरून उचलायला गेले, तर नवऱ्याचा फेटा माझ्या बोटाला चिकटून आला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओले फोटो असे उन्हात घालतात का, एवढं तरी विचारायचं होतंस, असं मी तिला फाडफाड बोलले. अख्खा आठवडा शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर भात-लोणच्यावर काढलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईला. आज आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा नव्हती वाटली.

तिनं मांडीवरच्या एका अल्बमवर हात तेवढा ठेवला. हिरव्या रेक्झिनचा, काळ्या पानांचा जुना अल्बम. पाणी पिऊन दुप्पट फुगला होता, पानं एकमेकांना धरून बसली होती.

"ह्यो मी उघडते," ती म्हणाली. "तू खाली जा."

मी तो तिच्या मांडीवरून हिसकावून घेतला.

त्या अल्बममध्ये माझ्या थोरल्या बहिणीचा एकमेव फोटो होता. वडील जतला शिक्षक होते तेव्हाची ती. तीन वर्षांची होऊन तापानं गेली, आणि दोन वर्षांनी मी झाले. फोटोत ती हाताच्या खुर्चीवर बसली आहे, झालरीचा फ्रॉक, मागे पडदा म्हणून टाकलेली काळी घोंगडी, आणि कॅमेऱ्याकडे रोखलेले टपोरे डोळे. घरी येणारी प्रत्येक आत्या, मावशी तो फोटो बघून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, डोळे थोरलीचेच घेतलेत हिनं. मला लहानपणी याचा फार अभिमान होता. मी तिला पाहिलेलं नव्हतं, पण तिचं काहीतरी माझ्याकडे होतं.

मी कराडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भिजलेले कागद आणि फोटो लगेच सोडवता येत नसतील तर आहेत तसे गोठवून टाकावेत, बुरशी थांबते आणि नंतर सावकाश उघडता येतात, हे मला एका प्रशिक्षणात शिकवलं होतं. तेव्हा मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले. आता तेवढंच आठवत होतं. सांगलीत वीज नव्हती. आमचा फ्रीज तर गाळानं भरून अंगणात आडवा पडला होता. माझ्याकडून घेतलेलं पुस्तक कधीही वेळेवर परत न केलेला एक जुना विद्यार्थी पाचगणीजवळ स्ट्रॉबेरी गोठवायचा छोटा कारखाना चालवतो. त्याला फोन लावला.

आई दारापर्यंत आली. "मी असल्याशिवाय उघडू नगंस," एवढंच म्हणाली.

अल्बम बटर पेपरात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या पेटीत घातला, मिरजेहून बर्फ घेतला आणि निघाले. रस्ता दोन ठिकाणी बंद. कराडपर्यंत बर्फाचं पाणी झालं. तिथं पुन्हा बर्फ भरला, साताऱ्याच्या पुढे पुन्हा. पेटी पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवली होती आणि दर दहा मिनिटांनी मी झाकण उचलून हात घालून बघत होते. कारखान्यात पोचल्यावर विद्यार्थ्यानं अल्बम गोठवायच्या खोलीत एका क्रेटमध्ये ठेवला, क्रेटवर माझं आडनाव लिहिलं आणि म्हणाला, मॅडम, फोटोंना स्ट्रॉबेरीचा वास लागला तर तक्रार नको. मी हसले नाही.

पुढचे तीन महिने जीव टांगणीला होता. एकदा त्यानं कळवलं की डोंगरावर वीज गेलीय आणि जनरेटर धरत नाहीये. ते दीड दिवस मी काउंटरवर मुलांना चुकीची पुस्तकं दिली. आईचा दर रविवारी फोन यायचा. पुराच्या पंचनाम्याचं काही नाही, भिंतींच्या ओलीचं काही नाही, पहिला प्रश्न एकच: उघडला न्हाईस न्हवं? मला वाटायचं, तिला लेकीचं तोंड बघायची ओढ लागली आहे. मी तिला धीर द्यायची, होईल म्हणायची.

मग माझ्या मुलीनं पुण्यात नवं घर घेतलं. तिला हॉलच्या एका भिंतीवर घरातल्या बायकांचे फोटो लावायचे होते, आणि मधोमध मावशीचा, मोठा करून. तिनं ते आजीला उत्साहानं फोनवर सांगितलं. त्या रविवारी आईचा सूरच बदलला.

"जाऊ दे त्यो अल्बम," ती म्हणाली. "पुरात गेला म्हण."

मी पुन्हा चिडले. एवढी धावपळ केली ती कुणासाठी, असं विचारलं. तिनं फोन ठेवला.

नोव्हेंबरच्या अखेरीस विद्यार्थ्यानं सांगितलं की नवा माल यायच्या आत खोली धुवून काढायची आहे, क्रेट हलवावा लागेल. मी रजा काढली, सांगलीहून आईला घेतलं. पसरणीच्या घाटात ती हातात लिंबू धरून गप्प बसली होती. घाट लागतोय म्हणून गप्प आहे असं मी धरून चालले.

फळं निवडायच्या लांब स्टीलच्या टेबलावर मी ट्रे मांडले, त्यात थंड पाणी घातलं. एकदा बर्फ सुटला की सगळी पानं त्याच दिवशी सोडवायला हवी होती. पुन्हा गोठवणं या फोटोंना सोसलं नसतं आणि तसंच ठेवलं तर बुरशी. आई उलट्या क्रेटवर बसली. मी प्लास्टिकची पातळ पट्टी घेऊन कडेनं सुरुवात केली. पहिल्या पानावरचे वडील आणि त्यांचा सातवीचा वर्ग आले, निम्मी मुलं पुसलेली. दुसऱ्या पानावरचं लग्न कुणाचं हे आता कुणालाच कळणार नव्हतं. बोटं बधिर झाली होती. तिसरं पान सुटलं. पुढचं पान तिचं, हे मला माहीत होतं. मी पट्टी त्याच्या कडेला लावली.

आईनं माझं मनगट धरलं.

"त्या पानाला हात लावू नगं."

का, म्हणून मी विचारलं. ती पाण्याकडेच बघत होती.

"तिचं डोळं मिटल्यालं हुतं गं. फोटोवाल्यानं वरनं रंगानं काढलं."

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक. मुलगी पहाटे गेली. तिचा एकही फोटो नव्हता, काढू म्हणता म्हणता राहून गेला होता. वडील हट्टाला पेटले. माती द्यायचं थांबवून त्यांनी पहिल्या एसटीनं माणूस पाठवला आणि मिरजेहून फोटोवाला आणवला. दुपार झाली. मुलगी खुर्चीत बसेना, एका अंगाला कलायची. तेव्हा आई खुर्चीमागं गुडघ्यावर बसली, शेजारच्या धनगरांच्या घरातली घोंगडी स्वतःवर ओढून घेतली, आणि घोंगडीच्या आतून तिनं दोन्ही हातांनी लेकीला कमरेला धरून ठेवलं. फोटो निघेपर्यंत श्वाससुद्धा सोडला नाही, म्हणाली. आठवड्यानं फोटो आला तो डोळे उघडे करून. वडिलांना ते आवडलं. आईला त्या नजरेची भीती बसली. "ती माझी न्हवती," ती म्हणाली. "मला धरून ठेवल्यासारखी बघायची." पुराचं निमित्त साधून गच्चीवर तिला हाच फोटो सगळ्यांच्या आधी काढून पाण्यात सोडायचा होता. आता नातीनं तो भिंतीवर लावू नये, एवढंच तिला हवं होतं.

मला राग आला होता, आणि तो कुणावर धरायचा हे कळत नव्हतं. पन्नास वर्षं जे डोळे माझे म्हणून मिरवले ते मिरजेच्या कुणा माणसानं ब्रशनं काढलेले होते. आणि मी त्यांच्यासाठी बर्फ बदलत घाट चढले होते. मी पट्टी खाली ठेवली. तुझा फोटो आहे, तू सांगशील तसं, म्हटलं. हे मी तिला ऑगस्टमध्ये म्हणायला हवं होतं.

पाणी आपलं काम करतच होतं. फोटो झाकायला पानांच्या मधे घातलेला पातळ पांढरा कागद कडेनं सुटला, तरंगला, आणि आईनंच तो दोन बोटांनी उचलला. त्याच्यावर दोन काळे डाग आले होते, शेजारी शेजारी.

खाली फोटो जवळजवळ धड होता. खुर्ची, झालर, घोंगडी. वरचा रंग तेवढा कागदानं ओढून घेतला होता, आणि त्याच्याखाली मूळ फोटोत होत्या तशा पापण्या मिटलेल्या होत्या. मान किंचित कलती, तोंड अर्धवट उघडं.

आई क्रेटवरून उठली. टेबलाला धरून वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ती तो पाण्यात चोळून टाकणार. मी अडवणार नव्हते.

"हां," ती म्हणाली. "ही माझी."

मग ओलं बोट खुर्चीच्या मागं नेलं, घोंगडीला जिथं दोन ठिकाणी उंचवटा आला होता तिथं. हा फोटो मी शंभर वेळा पाहिला होता, पण ते उंचवटे घडीचे समजत होते. ते तिचे हात होते.

फोटो दिवसभर सावलीत वाळवला. मुलीला मी सगळं सांगितलं. तो भिंतीवर लागणार नाही, अल्बमातच राहणार, हे तिनं न कुरकुरता मान्य केलं. वाळल्यावर मागच्या बाजूला पेन्सिलनं कोण, कुठं, ते लिहून ठेवायचं असतं, नाहीतर पुढच्यांना कळत नाही. मी बहिणीचं नाव लिहायला घेतलं. आई शेजारी बसून बघत होती.

"एकटीचं नगं लिहू," ती म्हणाली. "दोघी हायत म्हणून लिही."