मुक्या सिनेमातली बाई काय म्हणाली

आमच्या ह्यांची उभी हयात सुरतेजवळ कडोदऱ्याला, कापड विणायच्या लूमच्या खात्यात गेली. सांच्यांच्या खटाखटीत कान गेले. घरी टीव्ही लावला की यांचं एकच, "काय म्हणला तो?" टीव्हीतली माणसं पाठ फिरवून बोलतात, मग ओठ कसे दिसणार? सांगून सांगून आम्ही कंटाळलो, तसा यांनी टीव्हीच सोडला.

मग मोबाइलवर बोट कुठं लागलं कोण जाणे, यांना जुने मुके सिनेमे सापडले. काळेपांढरे, परदेशातले, आणि असे विचित्र की विचारू नका! कपाटातून मासा निघतो, बाईच्या केसांची नदी होते, माणूस छतावर चालतो. हे दुपारभर खुश. मलाही बरं वाटायचं. आवाजच नाही, तर यांचं हुकणार काय? आणि अर्थ कुणालाच लागत नाही, म्हणजे घरात आम्ही सगळे सारखेच.

पण एका दुपारी हे म्हणाले, "ती सांगी राहिनी, धागा तुटना."

"कोण?"

"ती बाई. तुले दिखत नही का?"

परदेशातली बाई आणि अहिराणी बोलते? सासरे शेवटी शेवटी भिंतीशी बोलायचे, तेच आठवलं. तिथंच बसून मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, पप्पांना डोक्याच्या डॉक्टरला दाखवू, उद्याच." मी म्हटलं, "हो रे बाबा, डोकंच फिरलंय वाटतं."

फोन ठेवला आणि यांना म्हटलं, "परत दाखवा बरं ती बाई."

खिडकीत उभी होती. काही बोलत नव्हती, दोन बोटं कात्रीसारखी उघडत-मिटत होती. अगं बाई! लग्नानंतर मी खात्यात डबा द्यायला जायची, तेव्हा पाहिलेलं. तिथं आवाजात कुणाला ऐकू जाणार? सगळे हातांनी अन् ओठांनीच बोलायचे. कात्री केली की धागा तुटला, सांचा थांबव.

जरा बरं वाटलं, पण खात्री करायची होती. समोर बसून नुसते ओठ हलवले, आवाज काढलाच नाही, "चहा ठेवू का?"

"ठेव. अद्रक टाक," मोबाइल बाजूला ठेवत हे म्हणाले. "आनि पोरले सांग, बाप येडा नही व्हयना."

फोनवर बोलताना पाठ फिरवायचं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.