सुमनची वेणी
सकाळी सुनेला वेणी घालून द्यायला सांगितलं. माझा उजवा हात हल्ली खांद्याच्या वर जात नाही. तिनं कंगवा हातात घेता घेताच विचारलं, "आई, खांदा फार दुखतोय का?" तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये.

पंचेचाळीसेक वर्षं झाली असतील. गंगापूर रोडवरचं मैदान, व्हॉलीबॉलची फायनल आणि कॅप्टन मी. आमची सगळी भिस्त कळवणच्या सुमनच्या सर्व्हिसवर. मॅचच्या आधी ती लाल रिबीन घेऊन आली. "ताई, वेणी घालून दे ना. मला नाय जमत आज." मला वाटलं, लाडात आलीये. खोबरेल तेलानं चपचपलेले ते केस मी घाईघाईत ओढून बांधले.

मॅचमध्ये तिनं सर्व्हिस खालून टाकली. मी डाफरले, "हे काय? वरून मार." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वरून मारली. पॉइंट मिळाला. आम्ही नाचत होतो, ती डाव्या हातानं उजवा खांदा धरून उभी होती. नंतर ती कधीच खेळली नाही.

वेणी होईपर्यंत ती माझ्यापुढे गप्प बसली होती. बहुधा मी विचारेन, याची वाट बघत.