युसुफभाईंचं कार्ड चालूच आहे!

हसायचं नाही अशी शपथ घातली तरी तुम्ही हसणार, मला ठाऊक आहे. तरीही सांगतो, कारण आजचा चहा तुम्ही पाजताय!

माझं आयुष्य मिरचीच्या धंद्यात गेलं. सातवीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. पण खापरच्या बाजारापासून कळसाडीच्या शेतापर्यंत कोणालाही विचारा. पोत्यात हात न घालता माल किती ओला आहे ते मी सांगतो. मला कोणी फसवू शकत नाही. मीच मला फसवलं, तर मात्र इलाज नाही.

झालं काय, आमच्या पालिकेनं घरटी एक नागरिक कार्ड काढलं. घरपट्टी, दाखले आणि मुख्य म्हणजे जलकेंद्रावरचं गोड पाणी, सगळं त्या कार्डावर. यंत्राला कार्ड लावा, जार भरा. नोंदणीला मोबाईल नंबर हवा. आता गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे कुठला आलाय मोबाईल? मी म्हटलं, "लावा माझा नंबर!" उपकार? छे हो! ओटीपी विचारायला माणूस दुकानात आला की जाताना पावशेर मिरची घेऊनच जातो.

त्यातलंच एक कार्ड युसुफभाईंचं. माझ्या शेजारच्या दुकानात पत्र्याच्या पेट्या बनवायचे. कार्ड कायम शर्टाच्या वरच्या खिशात. "सेठ, आदमी जाएगा, कार्ड चलता रहेगा!" म्हणायचे आणि खो खो हसायचे.

या हिवाळ्यात युसुफभाई गेले. मी स्वतः खांदा दिला, मूठभर माती दिली.

त्यानंतर काही दिवसांनी, झुंजूमुंजू होत असताना उशाशी मोबाईल टिंग झाला.

"युसुफभाई, आपण कब्रस्तान रस्ता जलकेंद्रावरून वीस लिटर पाणी घेतले. धन्यवाद."

मी तीनदा वाचलं. "अगं, ऐकलंस का?" म्हणून बायकोला हाक मारली. घरात चिडीचूप. न्हाणीत असेल म्हटलं आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

मग व्यापाऱ्याच्या डोक्यानं हिशोब मांडला. हमीदाभाभी इद्दतीत. नवऱ्यामागे काही महिने बाई घराबाहेर पाऊल टाकत नाही. मूलबाळ नाही. मग कार्ड चालवतंय कोण? आणि मेलेल्या माणसाला वीस लिटर पाणी लागतंच कशाला?

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर कहर! "युसुफभाई, सेवा कशी वाटली?"

दुपारी दुकानात बसलो, तर शेजारच्या बंद शटरमागून पत्र्यावर हातोडी पडल्यासारखा आवाज. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. उंदीर असेल. असावा. मी त्या दिवशी दुकान लवकर वाढवलं. बायकोला काही बोललो नाही. बिचारी घाबरली असती!

रात्री तो मेसेज पुन्हा उघडला. खाली बारीक अक्षरात ओळ होती: "कार्डधारक मयत असल्यास ९ दाबा." वा! "युसुफभाई, माफ करा," म्हणालो आणि नऊ दाबला. कार्ड बंद. सुटलो!

कुठला सुटतोय?

सकाळी बाहेर दाट धुकं. टिंग. "युसुफभाई यांचा कार्ड वापरण्याचा प्रयत्न." टिंग. "पुन्हा प्रयत्न." टिंग. टिंग. तुम्हीच डोळ्यांपुढे आणा हो! गेलेला माणूस थंडीत यंत्रापुढे उभा राहून कार्ड घासतोय, आणि पाणी येत नाहीये. आणि बंद कोणी केलं, हे त्याला ठाऊक आहे!

"अगं!" मी ओरडलो. न्हाणी रिकामी. स्वयंपाकघर रिकामं. पुढचं दार सताड उघडं, आत धुकं येतंय.

 पाणी तोडलं म्हणून युसुफभाईंनी माझी बायको नेली!

मुठीत लाल मिरच्या घेतल्या. दृष्ट काढायला तरी त्या मला विकत आणाव्या लागत नाहीत. अनवाणी पळत सुटलो. जलकेंद्राचा हिरवा दिवा धुक्यात लुकलुकत होता. त्याखाली डोक्यापासून पांढरं पांघरलेली, वाकलेली आकृती. हातात कार्ड. खर्र... खर्र...

लांबूनच हात जोडले. "युसुफभाई, चूक माझी! माझ्या बायकोला सोडा हो! पाहिजे तर मला..."

आकृती सावकाश वळली.

"काय करी ऱ्हायनात आठे? डोकं फिरनं का तुमनं?"

बायको! माझीच पांढरी शाल गुंडाळून!

"तू? आणि युसुफभाईंचं कार्ड तुझ्याकडे?"

"भाभीनी दिनं ना! त्या घर बाहेर निंघत नहीत. पानी मी भरी दिसू, आसं सांगेल व्हतं तुमले. तुम्ही मोबाईलमा दखत मुंडकं हलाई दिनं!"

"कधी सांगितलंस?"

"रोज!" मग तिनं यंत्राला एक चापट मारली. "आनि आज हाई मेलं पानी का बरं देत नही? काल भाभीकडे बाया भेटाले उनात, समदं पानी सरी गयं. घोटभर नही घरमा!"

मी मिरच्या खिशात लपवल्या आणि मला तिथंच शिंका सुरू झाल्या. शिंकता शिंकता नऊ नंबरची हकिकत सांगावी लागली. ती काय बोलली ते इथं सांगत नाही. आमच्या घरचा भरलेला जार मीच खांद्यावरून भाभींकडे पोचवला. दाराआडून भाभी म्हणाल्या, "अल्ला भला करे, सेठ." मला वर बघवेना.

मग पालिका उघडताच दोघं खिडकीवर. आतल्या मुलीनं कार्ड तपासलं. "काका, घरात माणूस आहे, तरी कार्ड बंद करायला लावलं? भाभींच्या नावावर चालू होईल, पण कारण लिखावं लागेल. काय लिखू?"

काय सांगू? भूत? मागच्या रांगेतले सगळे कान देऊन उभे.

बायकोनं मला बाजूला सारलं. "लिख वं बेटी, नवरा बायकोनं आयकत नही."

पोरीनं खरोखरच लिहिलं हो!

पालिकेत माझं कुठलं काम आजवर दोन चकरांशिवाय झालेलं नाही. पण त्या दिवशी पायऱ्या उतरायच्या आतच मोबाईल टिंग झाला: "आपले कारण ग्राह्य धरण्यात आले आहे."