पिंपळाभोवतीची रेघ

डॉक्टरांनी माझ्या डाव्या पायाच्या तळव्यावर किल्ली ओढली आणि माझ्याकडे न बघता ह्यांना सांगितलं, "हेमिप्लेजिया." हेमिप्लेजिया म्हणजे अर्धांग. मेंदूच्या एका बाजूचं रक्त अडलं की दुसऱ्या बाजूचा हातपाय जातो. माझी डावी बाजू गेली. आदल्या सकाळी हातातून काफीचा लोटा सुटला तेव्हा मी बिचाऱ्या लोट्यालाच बोल लावला होता, ऐका!

मद्रासच्या सरकारी इस्पितळात तीन आठवडे काढले. निघताना डॉक्टर म्हणाले, "अम्मा, गोळीनं पाय परत येत नाही. रोज चालायचं. पहिल्या काही महिन्यांत येईल ते खरं, पुढे अवघड." तुमच्या घरी कुणावर ही वेळ आली तर एवढं भिंतीवर लिहून ठेवा. मीही ऐकलं, पण माझ्या सोयीनं ऐकलं.

टी. नगरला आमच्या गल्लीच्या टोकाला पिंपळ आहे, त्याखाली पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती. भोवती कमरेइतका कट्टा. म्हटलं, चालायचंच आहे तर प्रदक्षिणा घालू. पायही येईल, पुण्यही मिळेल. उजवा हात कट्ट्यावर टेकून मी फिरायची. मागून वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, कमरेला धरायच्या.

मार्गळीचा, म्हणजे आपल्या धनुर्मासाचा महिना होता. त्यात सगळं मद्रास पहाटे उठतं. गल्लीतून भजन जायचं, बायका दारात कोलमची रांगोळी घालता घालता विचारायच्या, "मामी, आज किती?" मी ऐटीत आकडा सांगायची. दवानं भिजलेल्या मातीत माझ्या डाव्या पायाची रेघ उमटायची, झाडाभोवती अखंड. मला तिचा केवढा अभिमान!

संक्रांत झाली आणि भजन थांबलं. दारं उशिरा उघडायला लागली. थंडी मात्र राहिली. मद्रासची कसली थंडी म्हणून पुण्याकडचे हसतील, पण आखडलेल्या पायाला ती पुरते. मी पांघरुणातूनच म्हणायची, "वन्सं, आज नको." असे दोन दिवस गेले, मग आठ गेले. भिंतीकडे तोंड करून पडायची. रडले तरी डाव्या गालाला पाणी लागल्याचं कळायचं नाही. वाटायचं, उरलेलं अर्धंही जाऊ दे, सुटेन.

शेवटी वन्संच चिडल्या. "चंद्रे, कुणी विचारलं तरच चालणार का? पाय तुझा की गल्लीचा?"

पुन्हा उठले. पुन्हा तसंच, कट्टा धरून.

माघात तपासणीला बोलावलं होतं. दुपारपर्यंत लाकडी बाकावर बसलो. मग डॉक्टरांनी मला व्हरांड्याच्या मधोमध, भिंतीपासून लांब उभं केलं. "चला." मी एक पाऊल टाकलं आणि वन्संच्या अंगावर कोसळले.

घरी कशी चालते, ते वन्संनी सगळं सांगितलं, रेघेसकट. डॉक्टर म्हणाले, "अखंड रेघ म्हणजे पाय एकदाही उचलला नाही, अम्मा. तुम्ही हातावर चाललात, पाय नुसता ओढत आणलात." ह्याला फूट ड्रॉप म्हणतात, चवडा लोंबतो, वर होत नाही. "आता किती सुधारेल, सांगता येत नाही. उजव्या हाताला आधार नको. उलट्या बाजूनं फिरा."

उलटी प्रदक्षिणा! आमच्या घरात असलं कुणी बोलतसुद्धा नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. हाताशी होते ते महिने मीच भक्तिभावानं वाया घालवले होते. कुणाला दोष देणार?

वन्सं पानाजवळ बसून राहिल्या. म्हणाल्या, "अगं, त्याची स्वतःची सोंड डावीकडे वळलीय. तो काय तुला बोलणार?"

आता उलटी फिरते. डावा हात कट्ट्यावर नुसता पडून असतो, उजवा मोकळा. चार पावलांत घाम फुटतो. पाय पहिल्यासारखा होणार नाही, हे मी मनाशी धरलंय. वन्संचे उपकार मात्र ह्या जन्मात फिटायचे नाहीत.

परवा त्यांनी वाकून मातीकडे बोट केलं. "चंद्रे, इथे बघ." रेघ वीतभर तुटली होती.

काल पुन्हा अखंड उमटली.

आज सकाळी दव होतं. गल्लीत कुणी नव्हतं. वन्संनी हाक मारायच्या आत मी उजव्या हातानं डावा पाय उचलून खाटेवरून खाली सोडला.