कपाटावरचे पटाशीचे घाव

कुवेतला आल्यावर मला दोन व्यसनं लागली: एसी आणि व्हिक्टोरियन काळातला एक इंग्रज कलासमीक्षक. त्याचं म्हणणं असं की यंत्रासारखं गुळगुळीत काम ही गुलामीची खूण. कारागीर मोकळा असला की त्याच्या कामात ओबडधोबडपणा दिसतो, आणि तेच खरं सौंदर्य. दिवसभर बँकेत एक्सेलचे चौकोन भरणाऱ्या मला हे भलतंच पटलं. मराठी मंडळात मी त्यावर तासभर बोललो. लोक चहाची वाट बघत होते.

मग त्याचे जाडजूड ग्रंथ ठेवायला कपाट हवं झालं. अब्बासियात राहणारा मालवणकडचा एक सुतार मिळाला. आठवडाभर तो अर्दियाच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर एकसारखे दरवाजे कापायचा. हाताने काम करायचंय म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "बाबांका फोटो धाडूक होयो," म्हणाला. त्याचे वडील गावातले जुने सुतार, हाही त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

सुट्टीचे चार शुक्रवार तो माझ्या बाल्कनीत राबला. शेवटच्या शुक्रवारी तो दर्शनी पट्ट्यांवर रंधा मारायला लागला तेव्हा मी धावत गेलो.

"नको, नको! पटाशीचे घाव तसेच राहू देत. तुम्ही मोकळे आहात!"

"मोकळो आसंय तर रंधो मारूक द्या मां, सर."

मी त्याला समीक्षक समजावून सांगितला. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि रंधा पिशवीत टाकला. स्वातंत्र्याचा हुकूम सोडून मी समाधानाने आत गेलो. मुलगी कपाट बघून म्हणाली, "बाबा, इज इट फिनिश्ड?" तिच्या पिढीला सौंदर्यदृष्टी नाही, असं मी बायकोला सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात सुतार उभा, हातात तीच पिशवी.

"बाबांका फोटो धाडलंय. इचारतत, 'हाताक काय झाला रे तुझ्या?'"

लाजेने मी दार पूर्ण उघडलं. तो आत आला. त्याने माझे ग्रंथ एकेक करून जमिनीवर ठेवले आणि रंधा काढला. दुपारपर्यंत घाव गेले. मीही पॉलिश पेपरचा तुकडा उचलला, तर त्याने तो हळूच काढून घेतला. "ऱ्हवांदे सर, वरखडे पडतले."

मग त्याने फोनचा कॅमेरा उघडला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं, माझी सावली पडत होती. फोटो गेला. मी खालचे दोन ग्रंथ उचलून विचारलं, "आता लावू?"

"थांबा. आदी बाबा काय म्हणतत ता बघूया."

तो फोनकडे बघत राहिला, आणि मी ग्रंथ छातीशी धरून त्याच्या शेजारी उभा राहिलो.