कुर्मा घरापासून पन्नास पावलं

ही गोष्ट एका माडिया गोंड बाईच्या नाकाची आहे. नाकावरून आपल्याकडे भरपूर बोललं जातं, इज्जत, अब्रू, खानदान वगैरे. ते सगळं बाजूला ठेवा. मी बोलतेय ते खरोखरच्या नाकाबद्दल, ज्यातून माणूस श्वास घेतो. ते वाचवता आलं असतं आणि ते वाचवणं माझं काम होतं.

पन्नासच्या दशकातली हकिकत. तेव्हा आमचा चांदा जिल्हा एकच होता आणि गडचिरोली त्याच्या पोटातच होती. मी नागपुरातून नर्सिंग शिकून भांदकला घरी परतले होते. वय बावीस. घरचे म्हणत होते लग्न कर, मी म्हणत होते नोकरी करते. नोकरी मिळाली ती यॉजच्या पथकात. आईला वाटलं दवाखान्यात पांढरी टोपी घालून बसायचं असेल. मीही तिचा गैरसमज लगेच दूर केला नाही, नाहीतर एटापल्लीच्या पुढचं जंगल मला कधी दिसलंच नसतं.

यॉज म्हणजे काय ते आज कुणाला ठाऊक नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. अंगावर तुतीच्या फळासारखे ओले फोड येत. आधी पोरांना, मग पोरांकडून घरच्यांना. त्यानं मरत कुणी नव्हतं, म्हणून दिल्लीपासून चांद्यापर्यंत कुणाला घाईही नव्हती. तळपायांना झालं की माणूस पावलाच्या कडेवर तिरका चाले. वर्षानुवर्षं अंगात राहिलं की ते हाडाला लागे आणि एखाद्याचं नाक आतून सडत जाई. शहरातले लोक त्याला ‘गोंडी रोग’ म्हणत. रोगालासुद्धा जात चिकटवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

औषध मात्र झकास होतं. तेलातलं पेनिसिलीन, एक सुई, ढुंगणात. पंधरा दिवसांत फोड सुकून गळून पडत. पुढच्या सगळ्या नोकरीत इतकं आज्ञाधारक औषध मी पाहिलं नाही. नखरा एवढाच, की सुई आणि सिरिंज उकळल्यावर पार कोरडी करावी लागे. पाण्याचा थेंब राहिला की औषध आत गच्च बसे. मग डॉक्टरसाहेब माझ्याकडे असं बघत, की जणू ते पाणी मी घरून आणलंय.

डॉक्टरसाहेब नागपूरचे. हुशार, प्रामाणिक आणि समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ न देणारे. त्यांना यादीचं वेड होतं. नुसत्या आजाऱ्यांना सुई देऊन भागत नसे. घरातला एकजण जरी सुटला, तरी त्याच्याकडून रोग पुन्हा गावभर फिरे. म्हणून गावातलं घरन् घर लिहायचं, घरातलं माणूस न् माणूस तपासायचं. ‘एकही डोकं सुटता कामा नये!’ असं ते रोज सकाळी बजावत. प्रत्यक्षात आम्ही डोकी मोजत होतो आणि कुल्ले टोचत होतो.

दुभाषी म्हणून अहेरीकडचे एक गुरुजी सोबत असत. माडिया त्यांना छान येई. पण माणूस सभ्य इतका, की ‘ढुंगण’ या शब्दाचं भाषांतर त्यांनी दोन वर्षांत एकदाही केलं नाही. नुसता हवेत हात फिरवत, आणि लोकांना कळे.

पथकाचा खरा मालक मात्र आमचा आचारी, ब्रह्मपुरीचा. माझ्या आधीच्या नर्सनं पहिल्याच दौऱ्यात त्याला सरळ सांगितलं होतं, ‘भाऊ, मले चार दिवस चुलीले हात लावता येत नाई.’ झालं. त्यानं तिचं पान तंबूबाहेर मांडलं, तिला पाणी वरून ओतलं आणि डॉक्टरसाहेबांपाशी रडगाणं गायलं, की बाई आली म्हणून अख्खं सामान बाटलं. साहेब स्वतः सोवळंओवळं मानत नसत, पण कटकट त्यांना सहन होत नसे. त्यांनी ‘दौऱ्याच्या कामास अयोग्य’ असा शेरा मारून तिला चांद्याला परत पाठवलं. ही कथा मला रुजू झाल्याच्या दिवशीच आचाऱ्यानं हौसेनं ऐकवली. मी त्याच दिवशी ठरवून टाकलं, की मला पाळी येत नाही. घरी असते तर कावळा शिवला म्हणून कोपऱ्यात बसले असते. सरकारी तंबूत कावळ्याला मज्जाव होता.

त्या हिवाळ्यात धान कापून झाल्यावर आम्ही एटापल्लीच्या पुढे एका गावी पोचलो. जीप अर्ध्या वाटेत थांबली आणि उरलेला रस्ता बैलगाडीनं, म्हणजे बहुतेक पायीच झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पंचाईत झाली. सगळे चहाच्या नादात होते, तेवढ्यात मी पाळीच्या कापडाच्या घड्या टॉवेलात गुंडाळून धुवायला नाल्याकडे निघाले.

नाल्याच्या वाटेवर, गावापासून जरा तुटून, एक बुटकं झोपडं होतं. तेच कुर्मा घर. माडिया बायका पाळीच्या दिवसांत तिथे राहत, बाळंतीण तर त्याहून जास्त दिवस. पुरुषमाणूस तिकडे फिरकत नसे, त्याचा विषयही काढत नसे. मला हे ऐकून माहीत होतं.

नाल्यावर माझ्याच वयाची एक बाई दगडावर बसून आपलं कापड धूत होती. डाव्या नाकपुडीच्या कडेला वाटाण्याएवढी ओली जखम, आत खोल गेलेली. झोपडीच्या दारात एक तरुण पोरगी होती, तिच्या तोंडाभोवती ताजे फोड. दोघींना काय झालंय ते सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. आत्ता सुई मिळाली तर त्या बाईचं नाक राहणार होतं, नाहीतर जाणार होतं. इतका सोपा हिशेब होता. त्या बाईनं माझ्या हातातलं कापड पाहिलं आणि हसली. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं हसली. मी घाईघाईत दोन हात मारले आणि तिथून पळाले.

तासाभरानं मोहाच्या झाडाखाली यादी सुरू झाली. त्या बाईचा नवरा दोन पोरांना घेऊन पुढे आला.

‘बायको?’ डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

गुरुजींनी माडियात विचारलं. नवऱ्यानं जमिनीकडे पाहिलं. गुरुजींनी आभाळाकडे पाहिलं. ‘नाई आहे साहेब. गावाले गेली.’

‘गैरहजर,’ साहेब म्हणाले. यादी माझ्या हातात होती. मी लिहिलं, गैरहजर. त्या सकाळी अशा चार बायका मी गैरहजर लिहिल्या. गुरुजींना माहीत होतं, मला माहीत होतं, जमलेल्या अख्ख्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या डॉक्टरसाहेबांना, आणि तेवढेच आमच्यात एमबीबीएस होते.

मी का बोलले नाही? बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत? सकाळी नाल्यावर कशाला गेला होतात? आणि आचारी चार हातांच्या अंतरावर भाकऱ्या थापत कान टवकारून बसला होता. मला माझा शेरा दिसायला लागला, मग चांद्याची मोटार, मग भांदकचं स्टेशन, मग आईनं बघून ठेवलेलं स्थळ. पुढच्या फेरीत बघू, असं मी स्वतःला समजावलं. पुढची फेरी वर्षानं होती हे मला पक्कं ठाऊक होतं.

वर्षानं त्याच गावात गेलो आणि पाहतो तर पोरांना पुन्हा फोड. डॉक्टरसाहेब भडकले. आधी औषधावर संशय घेतला, मग बाटली नीट न हलवल्याबद्दल माझ्यावर, मग गुरुजींवर. शेवटी त्यांनी जुनी यादी उघडली आणि बोटानं ओळी धरून वाचत गेले.

‘ही बघा, गैरहजर बायका. आणि त्यांच्याच घरातली ही पोरं! कुठे जातात या बायका?’

तोच नवरा पुन्हा समोर उभा होता. पुन्हा जमीन, पुन्हा आभाळ. ‘गावाले गेली साहेब.’

‘मागच्या वर्षापासून?’

माझ्या नजरेसमोर कुर्मा घराचं दार होतं आणि दारात एक बाई बसली होती. तिनं तोंडावर, डोळ्यांच्या खालपासून, कापड बांधलेलं होतं. ते कापड कशावर बांधलंय ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

‘साहेब,’ मी म्हणाले, ‘त्या इथेच असतात. त्या झोपडीत. पाळीच्या वेळी.’

हा शब्द आमच्या पथकात पहिल्यांदा उच्चारला गेला असावा. साहेब एकदम चालायलाच लागले. गुरुजींनी जन्मात पहिल्यांदा साहेबाची बाही धरली. ‘साहेब, तिथी नाई जाता येत. बाप्या मानूस कोनीच नाई जात.’

‘मी जाते,’ मी म्हणाले.

पण बोलणार काय? माझं माडिया ‘ये, बस, दुखणार नाही’ एवढ्यावर संपत होतं, आणि त्यातलं शेवटचं खोटंच होतं. मग गावातल्या एका म्हातारीनं तोडगा काढला. गुरुजींनी मोहाच्या झाडाखाली, झोपडीकडे पाठ करून उभं राहायचं. झोपडीपासून ते झाड पन्नास पावलांवर. बाईनं ओरडून बोलायचं, गुरुजींनी ओरडून मराठीत सांगायचं. आता त्या झाडाखालीच तर अख्खं गाव, डॉक्टरसाहेब, ड्रायव्हर आणि आचारी बसले होते. खाजगी गोष्टीसाठी इतकी जाहीर सोय मी दुसरीकडे पाहिली नाही.

मी सुया घेऊन गेले. आत आणखी दोघी होत्या. त्या बाईनं मला ओळखलं आणि सावकाश कापड सोडलं. नाकाचा शेंडा बसला होता, मधला पडदा गेला होता आणि वरचा ओठ एका बाजूला ओढला गेला होता. मी दवाखान्यात कापाकापी पाहिलेली बाई, तरी मी आधी सुयांच्या डब्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत एकेक शब्द बोलली. आवाज हवेत फुटत होता, म्हणून गुरुजींनी तिला पुन्हा बोलायला लावलं. मग झाडाखालून त्यांचा खणखणीत, शाळेतला आवाज आला.

‘बाई, ते बाई म्हून राह्यली, मागच्या साली तुमी नाल्यावर आल्या होत्या. तिनं तुमाले पाह्यलं. तुमी तिचं नाक पाह्यलं. मंग सुई घेऊन काऊन नाई आल्या?’

हळू बोलायची सोय नव्हती, पन्नास पावलांवर कुजबूज पोचत नाही. खोटं बोलता आलं असतं. पण खोटं एवढ्या मोठ्यानं ओरडायला जी तालीम लागते ती माझी नव्हती.

‘गुरुजी,’ मी ओरडले, ‘तिला सांगा, त्या दिवशी माझीही पाळी होती! पथकात कळलं तर मला हाकलून देतील म्हणून मी भ्याले!’

गुरुजींचा आवाज एकदम बारीक झाला, ‘बाई… हे सांगू?’

‘सांगा!’

त्यांनी कोणता शब्द वापरला देव जाणे. पण झोपडीतल्या बायका हसायला लागल्या, मग झाडाखालच्या हसायला लागल्या. तीसुद्धा हसली, त्या तसल्या चेहऱ्यानं. मग माझ्यासाठी बाजूला सरकून, शेजारची जमीन हातानं थोपटत काहीतरी म्हणाली.

गुरुजी म्हणाले, ‘ते म्हन्ते, मंग इथीच यायचं होतं ना बाई. जागा होती.’

मी तिघींना सुया दिल्या. डोळ्यांतलं पाणी सिरिंजमध्ये पडू नये म्हणून मी मान वळवून घेत होते. ती बाई मला धीर देत होती, हे आणखी वर.

परत झाडाखाली गेले तेव्हा कुणी आभाळ पाडलं नाही. डॉक्टरसाहेब खोकले, यादीचं पान उलटलं आणि म्हणाले, ‘त्या झोपडीला यादीत घर म्हणून घाला. पुढच्या प्रत्येक गावात तिथूनच सुरुवात करायची.’ आचाऱ्यानं मात्र त्या दिवसापासून दर महिन्याला चार दिवस माझं पान तंबूबाहेर मांडलं. बाहेर हवा छान असायची. वर्षभर ज्याला घाबरले ते एवढंच होतं.

पंधरवड्यानं आम्ही तपासायला पुन्हा गेलो. त्या गावात एकाही पोराच्या अंगावर ओला फोड उरला नव्हता. या वेळी ती झाडाखाली सगळ्यांसोबत आली, तोंडावर कापड न बांधता. डॉक्टरसाहेबांनी बॅटरी लावून पाहिलं. जखम स्वच्छ सुकली होती. नाक सुईनं परत येत नाही. ‘बरी झाली,’ ते खुशीत म्हणाले, आणि मी तसं लिहिलं. त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते. पाळीची त्यानंतर कधी वाटली नाही.